पिशवीच्या सोनोग्राफीसोबतचा मराठी कागद: कामाचा आहे, पण एक रकाना कमी

बीडच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, रिपोर्टला पाठपोट छापलेला मराठी कागद टाचून देतात. रिपोर्टातले तिसेक इंग्रजी शब्द आणि समोर त्यांचे अर्थ. ज्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तिथे असा कागद फार आधीच निघायला हवा होता.

सगळ्यात चांगला भाग शब्दांच्या शेपटांचा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘ओमा’ म्हणजे गाठ, ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीतून आत पाहणं, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. हिस्टेरोस्कोपी आणि हिस्टेरेक्टमी कानाला सारख्याच वाटतात. पहिलीत पिशवी जागेवर राहते, दुसरीत जाते. एवढा फरक कळला तरी कागदाचे पैसे वसूल.

घोळ आहे तो अर्थांत. ‘बल्की युटेरस’समोर छापलंय ‘पिशवीला सूज’. साफ चूक. बल्की म्हणजे आकाराने मोठी, बस. मूल न झालेल्या बाईची पिशवी साधारण 7-8 सेंमी लांब असते आणि बाळंतपणांनंतर ती एखाद-दोन सेंमीने मोठीच राहते. म्हणजे दोन-तीन लेकरांच्या आईच्या रिपोर्टात हा शब्द दिसला तर त्यात नवल नाही. मोठेपणाला फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूतली गाठ) किंवा अ‍ॅडिनोमायोसिस (आतलं अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) कारण असेल, तर ते नाव रिपोर्टात वेगळं शोधावं. ‘सूज’ म्हटलं की घरात पुढची गोष्ट निघते ती ‘काढून टाका’.

‘नॅबोथियन सिस्ट’चा अर्थ दिलाय ‘पिशवीच्या तोंडावर गाठ’. खरं तर तिथल्या ग्रंथीचं तोंड बुजून आत स्राव साठतो, त्याचा तो बारीक फोड. बहुतेक वेळा औषधही लागत नाही. ‘मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी’ला ‘पोटात पाणी’ म्हटलंय. बीज फुटण्याच्या सुमाराला पिशवीमागच्या खोलगट जागेत, म्हणजेच ‘पीओडी’त, थोडं पाणी दिसतंच. ‘अँटिव्हर्टेड’ पुढे झुकलेली, ‘रेट्रोव्हर्टेड’ मागे झुकलेली. हे अर्थ बरोबर आहेत, पण या नुसत्या ठेवणी आहेत, दुखणी नव्हेत, हे कुठेच लिहिलेलं नाही. कागदाला तिसरा रकाना हवा: आजार की नुसतं वर्णन?

‘सर्व्हिसायटिस’ म्हणजे पिशवीच्या तोंडाचा दाह, हे ठीक. पण तो सोनोग्राफीवर ठरत नाही. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचं साधन) लावून तोंड डोळ्यांनी पाहावं लागतं. कॅन्सरची शंका असेल तर पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, गरज पडली तर तुकडा तपासणी. नुसत्या सोनोग्राफीवर बोट ठेवून ‘पुढे कॅन्सर होईल’ असं कुणी म्हणत असेल, तर या तपासण्या झाल्या का ते आधी विचारावं.

आकड्यांबद्दल कागद जवळपास गप्प आहे. एंडोमेट्रियम म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर. पाळी संपता संपता ते 2 ते 4 मिमी असतं, पुढच्या पाळीआधी 16 मिमीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून ‘एलएमपी’, म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, रिपोर्टावर नसेल तर ‘12 मिमी’ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पाळी कायमची गेल्यावर मात्र रक्त गेलं तर थांबू नये. तेव्हा 4 मिमीच्या वर अस्तर दिसलं की पुढची तपासणी लागते. अंडाशयातलं बीज फुटण्याआधी त्याच्याभोवतीचा पाण्याचा फुगा 20 मिमीच्या आसपास होतो, तोही ‘सिस्ट’ म्हणून घाबरवतो. मिमी आणि सेंमी गाळून नुसता आकडा सांगितला की 20 ऐकूनच बाई गळाठते.

मागच्या बाजूला अर्धं पान कोरं आहे. तिथे ‘टीएएच’ आणि ‘बीएसओ’ छापावेत. टीएएच म्हणजे पोट उघडून पिशवी काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयंही काढणं, ज्याने तिशी-पस्तिशीतच अंगातून वाफा निघतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी ही दोन नावं वाचता यायला हवीत.