इंग्रजी ऐकण्याचा सराव: टीव्ही घ्यावा की स्पीकर?

क्लाससाठी स्मार्ट टीव्ही घ्यावा की एक बरासा स्पीकर, असं ओळखीचे शिक्षक विचारतात. मी कोल्हापुरात राजारामपुरीत नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची बॅच घेतो आणि दोन्ही वापरतो.

व्हिडिओची एक गोष्ट ऑडिओला कधीच जमणार नाही. व्ही आणि डब्ल्यू, दोन्हीला आपली मुलं एकच 'व' म्हणतात. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, हे त्यांचं त्यांनाच उमगतं.

पण माझं मन उडालं ते सबटायटलमुळे. अक्षरं दिसली की कान बंदच. हुपरीहून येणारी एक मुलगी टीव्हीवर प्रत्येक प्रश्नाला फटाफट उत्तर द्यायची. त्याच क्लिपचा नुसता आवाज लावला, तर 'व्हॉट डिड यू डू'चं बोलण्याच्या ओघात झालेलं 'वॉडिजू डू' तिला ओळखूच येईना. ती आजवर ऐकत नव्हती, वाचत होती. सबटायटल बंद करता येतात, कबूल. पण कितीतरी चांगल्या व्हिडिओंत ती चित्रातच छापलेली असतात. टीव्हीच्या खालच्या कडेला पुठ्ठा चिकटवला, तर पोरं मान वाकडी करून मागं डोकवायला लागली. अक्षरं नसली तरी चित्र फितूर असतंच: पडद्यावरच्या माणसानं छत्री उचलली की वहीत लगेच 'पाऊस'.

म्हणून मला बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा ऐकायचा कार्यक्रम जवळचा वाटतो. सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटाकडे सांगतात. तोवर मुलं कान देऊन बसतात. त्याचा लिखित मजकूर मिळतो, तो मी दोनदा ऐकून झाल्याशिवाय हातात देत नाही. नववीला काही भाग जड जातात, तेव्हा विषय ओळखीचा निवडावा. पाचवी-सहावीची मुलं असतील तर मात्र टीव्हीच बरा. नुसत्या आवाजावर ती फार वेळ टिकत नाहीत.

मोठ्या मुलांसाठी मी स्पीकरच सुचवेन, आणि त्यात काटकसर नको. आमच्या खोलीवर पत्रा आहे. जुलैत पाऊस सुरू झाला की मोबाइलच्या आवाजात शब्दाच्या शेवटचे ट-ड बुडतात, आणि 'वॉक' की 'वॉक्ड' हे मागच्या बाकावर कळतच नाही. दुकानात घेताना आवाज किती मोठा येतो यापेक्षा ही शेवटची अक्षरं लांबून ऐकू येतात का, ते बघा.