शेततळं की गावाचा पाण्याचा ताळेबंद?

दुष्काळी भागात दोन वाटा दिसतात. एक शेततळ्याची. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं, हा तिचा हेतू चांगलाच होता. पण बऱ्याच ठिकाणी तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला गेला आणि बोअरचं पाणी उपसून तळं भरलं गेलं. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आणून ठेवलं. एप्रिलमध्ये अशा तळ्याच्या काठावर उभं राहा. काळ्या कागदावर उतरत गेलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात. डाळिंब, द्राक्षाची बाग त्यावर जगते, हे खरं. पण शेजाऱ्याची विहीर आटते, तेव्हा ते पाणी कुणाचं होतं?

दुसरी वाट अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात या गावानं आधी पाणलोटाची कामं केली, मग पाण्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली. पाऊस मोजायचा, माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही.

ही वाट अवघड आहे. शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज एकट्याला भरता येतो. ऊस नको, हे अख्ख्या गावाला पटवावं लागतं. तरी मी दुसरीच निवडेन. शेततळं घ्यायचंच तर ते ओढ्याच्या, पावसाच्या पाण्यानं भरावं, बोअरच्या नाही.