स्लॅशरचा साचा मोडणारे तीन सिनेमे: आधी कोणता पाहावा?

स्लॅशर म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट. आडरानातलं घर, कॉलेजची पोरं, मुखवटा घातलेला खुनी. मौजमजा करणारे आधी मरायचे आणि सोज्वळ मुलगी शेवटपर्यंत तगायची. १९७८चा ‘हॅलोविन’ चालला आणि हॉलिवुडने हा साचा गिरवून गुळगुळीत केला. तो मोडणारे तीन सिनेमे हमखास सुचवले जातात: ‘स्क्रीम’ (१९९६), ‘टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल’ (२०१०) आणि ‘द कॅबिन इन द वूड्स’ (२०१२). तिघांची मोडायची रीत वेगळी, म्हणून पाहण्याचा क्रम महत्त्वाचा.

वेस क्रेव्हनचा ‘स्क्रीम’ साचा शाबूत ठेवतो, फक्त पात्रांना तो तोंडपाठ असतो. पार्टीत सिनेमावेडा रँडी जगण्याचे नियम सांगतो: सेक्स नाही, दारू-ड्रग्ज नाहीत आणि ‘आलोच हं’ म्हणून बाहेर जायचं नाही. टीव्हीवर तेव्हा ‘हॅलोविन’ चालू आहे. नंतर हाच रँडी सोफ्यावरून पडद्यावरच्या नायिकेला ‘मागे बघ’ म्हणून ओरडतो, तेव्हा खुनी त्याच्याच पाठीशी असतो. बाहेर व्हॅनमध्ये बसलेल्यांना हे छुप्या कॅमेऱ्यातून दिसतं, पण ३० सेकंद उशिरा. या एका प्रसंगात विनोद आणि भीती जितकी घट्ट बसली आहे, तितकी बाकी दोघांत कुठेच नाही. मात्र एक सावधगिरी: सुरुवातीच्या फोनवरच्या प्रश्नोत्तरांत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा (१९८०) खुनी कोण ते फुटतं. तो पाहायचा असेल तर आधी उरका.

‘टकर अँड डेल’ दृष्टिकोनच उलटा करतो. जंगलातलं मोडकं घर विकत घेऊन दुरुस्तीला आलेले दोन भोळे मित्र कॉलेजच्या पोरांना खुनी वाटतात. टकर करवतीने ओंडका कापताना मधमाश्यांचं पोळं फुटतं आणि तो करवत हातात घेऊनच सैरावैरा धावतो. पोरांना दिसतो तो नरसंहार! पळता पळता एक जण स्वतःच फांदीवर जाऊन भोसकला जातो. यासाठी आधी काहीच पाहिलेलं नको. गावंढळ म्हणजे धोकादायक, हा शहरी समज ठाऊक असला की पुरे. पण गैरसमजावर ८९ मिनिटं निभत नाहीत. शेवटी खरा खलनायक लागतोच, आणि मग लाकडाच्या गिरणीत बांधलेली मुलगी वगैरे जुनाच माल बाहेर येतो.

ड्र्यू गोडार्डचा ‘कॅबिन’ विचारतो, की पोरं प्रत्येक वेळी इतकी मूर्खपणानेच का वागतात? उत्तर एका कार्यालयात आहे. तिथूनच केसांना लावायच्या रंगातून हुशार मुलीची अक्कल मंद केली जाते, जंगलात वायू सोडला जातो, आणि कर्मचारी पैजा लावतात. कल्पना तिघांत सर्वांत मोठी, भीती सर्वांत कमी. चित्रीकरण २००९चं, एमजीएम हा स्टुडिओ आर्थिक गाळात रुतल्याने प्रदर्शन लांबलं. ट्रेलर पाहू नका, त्यात निम्मं गुपित फुटतं.

‘झपाटलेला’ (१९९३) आवडला म्हणजे हेही आवडतील असं समजू नका. तात्या विंचूची बाहुली भुताटकीच्या बाहुलीसारखीच वागते, हसू भोवतालच्या माणसांमुळे येतं. इथे विनोदाचा विषय खुद्द साचा आहे.

तेव्हा स्लॅशर कधीच पाहिला नसेल तर ‘टकर अँड डेल’पासून सुरुवात करा. एक संध्याकाळ जास्तीची असेल तर ‘हॅलोविन’ आणि लगोलग ‘स्क्रीम’; हाच क्रम उत्तम. ‘कॅबिन’ शेवटी, आणि त्याआधी ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) बघाच, कारण ‘कॅबिन’मधला तळघरातला प्रसंग थेट त्याच्याकडे बोट दाखवतो. रक्तपात तिन्हींत भरपूर आहे, लहान मुलांना सोबत बसवू नका. ‘स्क्रीम’ डब केलेला टाळून सबटायटलसह पाहा. आणि ‘कॅबिन’मध्ये पैजांचा पांढरा फळा आला की पॉज दाबा: त्यावरच्या राक्षसांच्या यादीतले बरेच जण शेवटच्या अर्ध्या तासात खरोखर हजर होतात.