स्नो ब्लोअरचा बाहेरचा सर्व्हिस किट: काय लावलं, काय नाही लावलं

टू स्टेज स्नो ब्लोअरसाठी (बर्फ हटवायचं मशीन, पुढचा ऑगर बर्फ आत ओढतो आणि मागचा इम्पेलर तो लांब फेकतो) ऑनलाइन जो सर्व्हिस किट म्हणून सेट मिळतो ना, शिअर पिनांचं पाकीट, दोन बेल्ट, स्किड शूची जोडी (मशीनचं तोंड ज्यांवर टेकून सरकतं ते), जमीन खरवडणारी खालची स्क्रेपर पट्टी आणि एक स्पार्क प्लग, तो मागवला होता. कंपनीचा नाही, बाहेरचा. आता अख्खा सीझन वापरून झालाय आणि सरसकट भारी किंवा सरसकट भंगार असं काही म्हणता येत नाही. जे पार्ट नुसते जमिनीवर घासले जातात ते झकास निघाले, बेल्टांनी अर्धं समाधान केलं आणि पिना तर मी मशीनला लावल्याच नाहीत.

पिनांचंच आधी सांगतो कारण लोक तिथेच सगळ्यात जास्त काटकसर करतात. ऑगर, म्हणजे बर्फ ओढणारा पुढचा मोठा स्क्रू, हा शाफ्टवर मोकळा बसवलेला असतो, शाफ्टबरोबर तो फिरतो ते फक्त या पिनेमुळे. बर्फाखाली दगड, गोठलेलं वर्तमानपत्र, पायपुसणं काहीही अडकलं की पिन तुटते, ऑगर जागच्या जागी थांबतो आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. त्या गिअरबॉक्समधलं मोठं चाक बऱ्याच मशीनमधे ब्रॉन्झचं असतं, म्हणजे मऊच, त्यामुळे पिन त्या चाकाच्या आधी तुटायलाच हवी, तिला दुसरं कामच नाही. आता माझ्या मशीनच्या ओरिजिनल पिनेचं डोकं कोरं आहे आणि किटमधली पिन उलटी करून बघितली तर डोक्यावर तीन रेषा! तीन रेषा म्हणजे ग्रेड ५ चा बोल्ट, हीट ट्रीट केलेला. साधा ग्रेड २ चा बोल्ट, डोकं कोरं असतं तो, त्याची ताण सोसायची ताकद ७४ हजार पीएसआय आणि ग्रेड ५ ची १ लाख २० हजार. एवढी कडक पिन लावायची म्हणजे तुटायचं काम गिअरबॉक्सकडे देण्यासारखं झालं. विकणाऱ्याला विचारलं ग्रेड कुठला, तर उत्तर आलं सगळ्या मॉडेलला फिट बसते. अरे बसेल हो, बसण्याबद्दल विचारलंच नव्हतं. अर्थात प्रत्येक कंपनीची पिन सारखीच मऊ असते असं नाही, तुमच्या मशीनला काय लागते ते मॅन्युअलमधे बघा आणि तेवढी एक गोष्ट कंपनीचीच घ्या, पाकीटभर घ्या, तुटणारच आहेत.

पण नुसती बरोबर पिन लावून भागत नाही, हे मात्र फार लोकांच्या लक्षात येत नाही. ऑगरची नळी आणि आतला शाफ्ट यांच्यामधे पाणी जाऊन गंज चढला की दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात, मग पिन तुटली काय नि राहिली काय, ऑगर शाफ्टवर मोकळा फिरतच नाही आणि सगळा दणका थेट गिअरबॉक्सला. म्हणून सीझन संपला की इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात जाड ग्लोव्हज, आणि दोन्ही बाजूच्या पिना काढून ऑगर हाताने फिरवून बघायचा. सहज फिरला तर उत्तम. ऑगरवर ग्रीसचे निपल असतील तर ग्रीस गनने टोकांतून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरायचं आणि भरता भरता ऑगर फिरवत राहायचा म्हणजे ते आत सगळीकडे पसरतं. आधी काळपट तांबूस घाण बाहेर येते, मग स्वच्छ ग्रीस. पिना न काढता नुसती गन मारली तर सगळं एकाच जागी साचतं, उपयोग नाही. फिरतच नसेल तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, हातोडा लगेच उचलू नका, पत्रा वाकतो.

बेल्ट. दोन असतात, एक ऑगरचा, एक चाकांचा. हे बेल्ट क्लचचं काम करतात, लिव्हर दाबली की आयडलर पुली बेल्ट ताणते, सोडली की बेल्ट ढिला पडतो आणि इंजिनची पुली त्याच्या आत नुसती फिरत राहते. म्हणजे बेल्टने पकडायलाही हवं आणि सोडायलाही हवं. दुकानातला कुठलाही त्या मापाचा व्ही बेल्ट आणून लावला की घोळ होतो तो इथे, पकडतो चांगला पण सोडत नाही. किटमधला चाकांचा बेल्ट ठीकठाक चालला, तक्रार नाही. ऑगरचा मात्र लिव्हर सोडल्यावरही ऑगर रेंगाळत फिरवत ठेवायचा, केबल ॲडजस्ट करूनही, बेल्ट गाइडचं अंतर बघूनही. लिव्हर सोडल्यापासून ५ सेकंदांच्या आत ऑगर थांबायला हवा असं बऱ्याच मॅन्युअलमधे असतं आणि ही काही फुरसतीत बघायची गोष्ट नाही, बोटं जातात. काढला आणि कंपनीचा लावला, त्याच सेटिंगवर ऑगर लगेच थांबायला लागला. आणि एक, नवीन बेल्ट मागवताना जुन्याची लांबी मोजून मागवू नका, जुना ताणलेला असतो. पार्ट नंबरवरूनच घ्यायचा, आणि त्यासाठी मशीनच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लागतो, इंजिनवरचा नाही. इंजिन बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीचं असतं, तो नंबर प्लग आणि कार्ब्युरेटरसाठी जपून ठेवा.

आता कौतुक. स्किड शू ओरिजिनलपेक्षा जाड निघाले, दोन्ही कडा वापरता येतात, म्हणजे एक बाजू झिजली की उलटे करून लावायचे. चपलेच्या टाचेसारखे हे एकाच बाजूने जास्त झिजतात, म्हणून मधे मधे खाली वाकून बघत जा. लावताना मशीन सपाट जागी ठेवायचं आणि स्क्रेपर पट्टीखाली ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पुठ्ठा सरकवून मग दोन्ही शू जमिनीला टेकवून नट आवळायचे, हे झालं डांबर किंवा काँक्रीटसाठी. खडीचा रस्ता असेल तर चांगलं ३ सेंटिमीटरपर्यंत उचला, नाहीतर बर्फाऐवजी खडी उडते आणि तीही काचेच्या दिशेने.

स्क्रेपर पट्टी पण दणकट आहे. एक भोक किंचित सरकलेलं होतं, गोल कानस मारून घेतली, बसली. जुन्या पट्टीचे बोल्ट गंजून असे बसले होते की दोन कापावेच लागले. नवीन बोल्टांना अँटी सीझ, म्हणजे गंजून अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट, लावून ठेवलंय. पट्टी पूर्ण संपेपर्यंत थांबू नका, नंतर हाऊसिंगचाच पत्रा घासायला लागतो आणि तो काही किटमधे मिळत नाही.

प्लग काय, प्लगच आहे. गॅप तपासून लावला, माझ्या इंजिनला ०.७६ मिलिमीटर लागतो, चालतोय.

कार्ब्युरेटर या किटमधे नव्हता पण मशीन सुरू होईना की लोक तोच आधी बदलतात. बहुतेक वेळा आतमधे जुनं पेट्रोल सुकून चिकट झालेलं असतं, जेट साफ केला की काम होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, म्हणून मशीन ठेवून देताना एकतर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा किंवा पेट्रोल खराब होऊ नये म्हणून मिळणारं स्टॅबिलायझर टाकून थोडा वेळ चालवून ठेवा. आणि खालचं कव्हर उघडून तेलपाणी करत असाल तर चाकांना फिरवणाऱ्या फ्रिक्शन व्हीलच्या रबराला तेलाचा थेंबही लागू देऊ नका, लागला की चाकं घसरायला लागतात आणि माणूस उगाच बेल्टला शिव्या देत बसतो.

तर किटला पाचपैकी तीन. परत घेईन का, तर सेट म्हणून नाही, शू आणि पट्टी सुटे मिळाले तर डोळे झाकून. पुढे इम्पेलरच्या पात्यांना रबराच्या पट्ट्या लावायच्या डोक्यात आहे, पातं आणि हाऊसिंगमधली फट बुजली की ओला बर्फ मागे न गळता लांब जातो म्हणतात. कोणी लावल्या असतील तर रबर किती जाड घेतलं आणि बॅलन्स बिघडून मशीन थरथरायला तर नाही ना लागलं, तेवढं सांगा.