हॉट अँड कोल्ड एसी की साधा एसी आणि हीटर? नाशिकच्या फ्लॅटमधले दोन हिवाळे

नाशिककडे हॉट अँड कोल्ड एसी, म्हणजे हिवाळ्यात खोली गरमही करणारा एसी घेणार असाल, तर बसवायला आलेली माणसं घराबाहेर पडण्याआधी त्यांच्याकडून आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, पाणी काढून देणारा ड्रेन एल्बो लावून घ्या. तो खोक्यातच येतो. बोटाएवढा प्लास्टिकचा वाकडा तुकडा आणि सोबत दोन-तीन रबरी बुचं. आमच्याकडे आलेल्यांनी तो लावलाच नाही, रिकाम्या खोक्याबरोबर तो भंगारात गेला, आणि त्या तुकड्यापायी पहिला अख्खा हिवाळा खालच्या मजल्यावरच्या काकांशी आमचं बोलणं जेमतेम राहिलं.

टन, स्टार, तांब्याची कॉइल ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. आमचा हॉट अँड कोल्ड एसी दीड टनी, इन्व्हर्टर प्रकारचा आहे, आईच्या खोलीत. २०२४ च्या दिवाळीत घेतला, तेव्हा एसीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, म्हणजे आता घेणाऱ्यांना तेवढं बरं. फक्त थंड करणाऱ्या तशाच साध्या इन्व्हर्टर एसीपेक्षा हा सहा हजारांनी महाग पडला. बायकोचं म्हणणं होतं की साधा एसी घ्या, हिवाळ्यासाठी तेलाचा हीटर आहेच. हिशेब करायला बसलो ते त्यामुळेच.

आपली घरं उन्हाळ्याच्या विचाराने बांधलेली असतात. फरशी गार, सरकत्या खिडक्यांच्या फटीतून वारा येणारच. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-दहावर येणं नेहमीचं. निफाडकडे त्याहून खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. आईला संधिवात आहे. पहाटे तिची बोटं वळत नाहीत, स्वेटरचं बटणही लागत नाही. त्यामुळे खोली रात्रभर उबदार ठेवणं ही आमच्याकडे चैन नाही.

तेलाचा हीटर दोन हजार वॉटचा. मध्ये लावायचा छोटा मीटर आणून मोजलं. थर्मोस्टॅट चालू-बंद होत असूनही कडाक्याच्या रात्री तो नऊ युनिटच्या आसपास खायचा. एसी हीटवर, २२ अंशांवर, त्याच खोलीत, तशाच थंडीत साडेतीन युनिटच्या आसपास. कारण साधं आहे. हीटर विजेचीच उष्णता करतो, एक युनिट घातलं की एक युनिटचीच ऊब. हॉट अँड कोल्ड एसी म्हणजे हीट पंप. बाहेर दहा अंश असले तरी त्या हवेत उष्णता असते, ती गोळा करून तो आत आणतो. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला. एका युनिटमागे अडीच-तीन युनिटची ऊब मिळते.

महिन्याला महावितरणचं बिल १०० आणि ३०० युनिटला पायरी चढतं. एकटा हीटरच महिन्याला अडीचशेच्या वर जायचा, त्यात गिझर आणि फ्रिज धरले की आम्ही तीनशेपुढे. एसीवर गेल्यापासून जानेवारीत आम्ही तीनशेच्या आत राहतो. थंडीच्या साठेक रात्री आणि युनिटला दहा-बारा रुपये धरले, तर दोन हिवाळ्यांत सहा हजारांचा फरक वसूल होतो.

आता पाणी. साध्या एसीत पाणी आतल्या युनिटमधून येतं, आतली कॉइल गार असते म्हणून. त्याचा पाइप सगळेच लावतात. हीटवर टाकलं की आउटडोअरमधली चार तोंडांची झडप गॅसची दिशा फिरवते. आता बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते आणि दव तिच्यावर धरतं. म्हणजे हिवाळ्यात पाणी आउटडोअरमधून येणार. दमट पहाट असेल तर रात्रभरात दोन-तीन लिटर सहज. आमचा आउटडोअर तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या स्टँडवर, त्याच्या बरोबर खाली काकांच्या बाल्कनीचा पत्रा. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत त्या पत्र्यावर टप, टप, टप. काका हृदयाचे रुग्ण, झोप आधीच कमी. चौथ्या मजल्यावरच्यांनाही ते ऐकू यायचं. त्यांची तक्रार अगदी रास्त होती.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. आलेला मेकॅनिक म्हणाला, आउटडोअरमधून पाणी येतच नसतं, गॅस लीक आहे, भरावा लागेल, तीन हजार. खोली तर मस्त तापत होती! बंद नळ्यांतला गॅस वापराने संपत नाही, तो गळाला तर आधी ऊब कमी होईल. मी त्याला हीट मोड दाखवला, बाहेरच्या नळीला हात लावून बघायला सांगितलं. तो म्हणाला, नाशकात हे मॉडेल कोणी घेत नाही. दुसऱ्या वेळी आलेल्याने इनडोअर धुतला आणि निघाला, कारण तक्रारीत 'पाणी गळती' लिहिलं की त्यांच्याकडे इनडोअर धुण्याचंच काम निघतं. पुढची तक्रार तर कोणी न येताच बंद झाली. मी ओटीपी दिलेला नव्हता, तरी मोबाइलवर 'समाधानकारक निराकरण' असा मेसेज. याचा मला अजूनही राग आहे. तीन हजारांचा गॅस भरायला तयार असणाऱ्या यंत्रणेला पन्नास-शंभराचा प्लास्टिकचा तुकडा काय असतो, हे माहीत नव्हतं.

मार्ग निघाला तो मॅन्युअलमधून. सोबतच्या सामानाच्या चित्रात ड्रेन एल्बो आणि रबरी बुचं दाखवली होती, खाली लिहिलं होतं की फक्त हीट पंप मॉडेलसाठी. त्या पानाचा फोटो आणि आउटडोअरच्या तळाचा फोटो लेखी तक्रारीला जोडला, सोबत बसवल्याची पावती. मग मात्र एल्बो आला, फुकट. आउटडोअरच्या तळाला तीन-चार भोकं असतात. एकात एल्बो, बाकीच्यांना बुचं, एल्बोला अर्ध्या इंची पाइप, आणि पाइप उतार देऊन बाथरूमच्या बाहेरच्या नळीत. शिमला-मनालीकडे पाणी गोठतं म्हणून तिथे असा पाइप जपून लावावा लागतो. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात कोणी विचारलं तर मी साधा एसीच घ्या म्हणायचो. कटकटीपेक्षा दोन युनिट जास्त गेलेले परवडतील असं वाटायचं. दुसऱ्या हिवाळ्यात, पाइप लागल्यावर, माझं मत पार बदललं. पत्रा शांत, आईची खोली एकसारखी उबदार, हीटरसारखा एका बाजूला भाजतोय आणि पाय गारच असा प्रकार नाही. पहाटे उठून तिने स्वतःच्या हाताने चहा केला, तेव्हा सहा हजारांचा विषय घरात संपला.

वापरताना लक्षात आलेल्या काही गोष्टी. गरम हवा वर जाते आणि युनिट असतं छताजवळ, म्हणून हवा सोडणाऱ्या पट्ट्या पूर्ण खाली वळवून ठेवाव्या लागतात. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पंखा फिरत नाही, आतली कॉइल तापेपर्यंत तो थांबतो, हा बिघाड नव्हे. फार गारठ्याच्या पहाटे बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. त्या वेळात ऊब थांबते आणि बाहेरून सुस्स असा आवाज येतो. नाशिक शहरात हे क्वचित, पण निफाड-सिन्नरकडे जास्त वेळा होईल असं धरून चला. फेब्रुवारीत ऑटो मोड टाळा. दुपारी गरम आणि रात्री गार, त्यात तो कधी थंड करतो तर कधी गरम. हीटवर ३० लावून बिल आलं म्हणू नका, २१-२२ पुरेसं होतं.

स्टारच्या लेबलवर मात्र बीईईने, म्हणजे हे स्टार ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, काहीतरी करायला हवं. त्या पट्टीवरचा आकडा वर्षाला १६०० तासांच्या थंडाव्यावर काढलेला असतो, बाहेर २४ ते ४३ अंश धरून. ऊब देताना हे यंत्र किती वीज खातं, याचा तिथे उल्लेखच नाही. दुकानदारालाही सांगता येत नाही. दहा अंशांना गरम करताना किती वॉट लागतात हे गिऱ्हाइकाने स्वतः मीटर लावून शोधायचं, हे बरोबर नाही. हिवाळा असलेल्या गावांतली माणसं केवळ या अज्ञानापायी दोन हजार वॉटचे हीटर जाळत बसतात.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा होता, तेव्हा याने साध्या एसीसारखंच थंड केलं, युनिटही तेवढेच. गॅस आर-३२, साध्यातही तोच.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे राहत असाल तर हे घेऊ नका. तिथे हीटचं बटण वर्षानुवर्षं दाबलं जाणार नाही, साधा कूलिंगचा एसीच योग्य. नाशिक, निफाड, महाबळेश्वर, आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर हाच घ्या. पुण्यात मधलं गणित आहे. उत्तरेकडची, ऊन न लागणारी खोली असेल तर विचार करा.

मुलाच्या खोलीसाठी आता एसी घ्यायचाय. ती नैऋत्येची, संध्याकाळपर्यंत तापलेली भिंत रात्रभर पुरते, आणि तो पांघरुणात झोपतो. तिथे साधाच घेणार. पण आईच्या एसीची पुढची सर्व्हिसिंग आहे डिसेंबरच्या आधी, तेव्हा एक जादा बूच मागवून ठेवलंय. तळाच्या एका भोकातलं रबर सैल झालंय, आणि काकांच्या पत्र्यावर पुन्हा एकही थेंब पडू द्यायचा नाही.