तुटलेल्या लिंका आणि एक्सेलचं ‘चेंजलिंक’: महिनाअखेरीला वापरणाऱ्या बाईचं मत

एका वर्कबुकातून (एक्सेलच्या फाइलीतून) दुसऱ्या वर्कबुकात घातलेल्या लिंका, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला आकडा ओढून आणणारे फॉर्म्युले, तुटल्या की एक्सेल आपल्या हाती दोन गोष्टी देतं. पहिली ‘डेटा’ टॅबवरची ‘एडिट लिंक्स’ची खिडकी. नव्या आवृत्तीत तीच ‘वर्कबुक लिंक्स’ नावाने उजवीकडच्या पट्टीत उघडते. दुसरी व्हीबीएमधली (एक्सेलच्या आतली प्रोग्रॅमिंगची भाषा), म्हणजे मॅक्रोतून, त्या भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅममधून, वापरायची: ‘लिंकसोर्सेस’, ‘लिंकइन्फो’, ‘चेंजलिंक’ आणि ‘ब्रेकलिंक’ ही चौकडी. मी शाखांचे खर्च एका फाइलीत एकत्र करण्याचं काम करते, त्यामुळे दोन्हींशी माझा नेहमीचा संबंध. इथे मी मुख्यतः दुसरीबद्दल लिहिते आहे, कारण माझ्या मते खरी दुरुस्ती तिथेच होते.

आधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बरेच जण इथेच फसतात. तुटलेली लिंक ओरडत नाही. मूळ फाइल हलवली, तिचं नाव बदललं किंवा ती उडाली, तरी आपल्या फाइलीतल्या त्या सेलमध्ये शेवटचा वाचलेला आकडा तसाच दिसत राहतो. ‘#रेफ!’ येतो तो वेगळ्या कारणांनी, उदाहरणार्थ मूळ फाइलीतलं शीटच काढून टाकलं तर. नुसता पत्ता चुकला असेल तर फाइल उघडताना ‘अपडेट करू का’ असा प्रश्न येतो, आपण सवयीने ‘नको’ म्हणतो आणि मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या अहवालात जाऊन बसतो. बेरीज जुळते, फॉर्म्युले जागेवर असतात, कुणालाच शंका येत नाही. म्हणून लिंकांची दुरुस्ती हे फाइल नीटनेटकी करण्याचं काम नाही, तो हिशेबाच्या खरेपणाचा प्रश्न आहे. या विषयाबद्दल मला इतकं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते यासाठीच.

आता खिडकीवाली सोय. दोन-चार लिंका असतील तर ती पुरेशी आहे. ‘चेक स्टेटस’ दाबायचं, जिथे फाइल सापडत नाही असं दिसेल ती ओळ निवडायची, ‘चेंज सोर्स’ करून नवी फाइल दाखवायची. काम झालं. पण जुन्या खिडकीत ही लिंक नेमक्या कोणत्या सेलमध्ये आहे ते कळत नाही. ते शोधायला कंट्रोल-एफ करून, ‘फॉर्म्युला’मध्ये शोधा असं सांगून, पूर्ण वर्कबुकभर ‘.एक्सएल’ हा तुकडा शोधावा लागतो. काही जण उघडा चौकटी कंस शोधायला सांगतात. फाइलीत टेबलं असतील तर तसं करू नका, कारण टेबलांच्या फॉर्म्युल्यांतही तोच कंस असतो आणि यादी नको तितकी लांबते. आणि शाखेगणिक एक लिंक असेल, तशा फाइली दर महिन्याच्या असतील, तर प्रत्येक ओळीला फाइल शोधून दाखवत बसणं हे माणसाने करायचं कामच नाही. दहाव्या-बाराव्या ओळीला शाखा सातच्या जागी शाखा सतरा निवडली जाते आणि एक्सेल ते मुकाट स्वीकारतं.

आमच्याकडे सगळी फोल्डरं जुन्या सर्व्हरवरून नव्यावर गेली तेव्हा नेमकी हीच वेळ आली. हलवणाऱ्यांनी फाइली नीट हलवल्या, पण मधल्या एका फोल्डरचं नाव बदललं आणि एकत्रित अहवालाची फाइल वेगळ्या ठिकाणी गेली. फाइल आणि तिचे स्रोत एकाच फोल्डरात असते आणि अख्खं फोल्डर जसंच्या तसं उचललं असतं, तर लिंका बहुधा शाबूत राहिल्या असत्या, कारण अशा वेळी एक्सेल पत्ता सापेक्ष ठेवतं. इथे ते शक्य नव्हतं.

व्हीबीएची पद्धत मला पटली ती तिच्या पहिल्या पायरीमुळे. ‘लिंकसोर्सेस’ला विचारलं की ते त्या वर्कबुकातल्या सगळ्या बाहेरच्या फाइलींचे पूर्ण पत्ते एका यादीत देतं. इथे एक खोच आहे: लिंक एकही नसेल तर यादी रिकामी येत नाही, ‘एम्प्टी’ (यादीच नाही अशी खूण) येतं, आणि त्यावर थेट लूप, म्हणजे एकेक ओळ घेत फिरणारा कोड, चालवला तर मॅक्रो तिथेच कोसळतो. आधी ‘इजएम्प्टी’ने तपासायचं. यादी मिळाली की माझा मॅक्रो ती एका नव्या शीटवर उतरवतो. पहिल्या रकान्यात जुना पत्ता, दुसरा रकाना कोरा, तिसऱ्यात स्थिती. स्थिती ‘लिंकइन्फो’ देतं, आकड्यात: 0 म्हणजे ठीक, 1 म्हणजे फाइल सापडत नाही, 2 म्हणजे फाइल आहे पण शीट नाही, 3 म्हणजे आकडे शिळे. याच्या पुढेही आकडे आहेत, पण रोजच्या कामात हेच भेटतात. मी फक्त या आकड्यावर विसंबत नाही. त्याच्या शेजारी ‘डिर’ने (फाइल आहे का ते पाहणारी व्हीबीएची आज्ञा) फाइल खरंच तिथे आहे का याचं उत्तर वेगळं घेते.

मग तो कोरा रकाना भरायचा. नवा पत्ता तिथे यायला हवा. बहुतेक ओळींमध्ये पत्त्याचा सुरुवातीचा भागच बदललेला असतो, तेव्हा मजकुरातला तुकडा बदलणाऱ्या साध्या ‘सबस्टिट्यूट’ फॉर्म्युल्याने तो भरून निघतो. उरलेल्या चार-दोन ओळी हाताने. हा कागद भरून झाल्यावर तो त्या शाखांचं काम पाहणाऱ्या सहकाऱ्याला दाखवता येतो, आणि कोडची एक ओळही न कळणारा माणूस ‘ही शाखा सातची फाइल नाही, हा जुना मसुदा आहे’ असं सांगू शकतो. खिडकीत हे शक्यच नाही. मला विचाराल तर सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि त्यात अजून एकही लिंक बदललेली नाही.

बदलण्याचं काम ‘चेंजलिंक’ करतं. त्याला जुनं नाव, नवं नाव आणि लिंकेचा प्रकार एवढंच लागतं. जुनं नाव ‘लिंकसोर्सेस’ने दिलं तसंच्या तसं द्यायचं, हाताने टाइप करायचं नाही. लूप सुरू करण्याआधी मी ‘सेव्हकॉपीअ‍ॅज’ने फाइलीची प्रत काढून ठेवते, कारण मॅक्रो चालला की कंट्रोल-झेडचा इतिहास पुसला जातो. गणन ‘मॅन्युअल’वर टाकते, नाहीतर प्रत्येक बदलानंतर अख्खं वर्कबुक पुन्हा मोजलं जातं आणि मोठ्या फाइलीत वाट पाहण्यातच वेळ जातो. मॅक्रो मध्येच अडला तरी गणन पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर येईल अशी सोय चुका हाताळणाऱ्या भागात करून ठेवा. ती नसली तर पुढचे दोन दिवस आकडे का हलत नाहीत म्हणून सगळं ऑफिस डोकं धरून बसतं. नवा पत्ता कोरा असेल किंवा ‘डिर’ला फाइल सापडली नसेल, तर ती ओळ सोडून पुढे जायचं आणि चौथ्या रकान्यात तसं लिहायचं.

‘चेंजलिंक’चं मोठं बलस्थान हे की ते सेल-सेल फिरत नाही. एका फाइलीचे सगळे उल्लेख एका फटक्यात बदलतात, मग ते साध्या फॉर्म्युल्यात असोत, अनेक सेलवर एकदम चालणाऱ्या अ‍ॅरे फॉर्म्युल्यात असोत किंवा दुसऱ्या शीटवर. याच कामासाठी फॉर्म्युल्यांवर ‘रिप्लेस’ चालवणारे मॅक्रो सर्रास फिरतात. मी ते वापरत नाही आणि वापरू नका असंच सांगेन. नवी फाइल जागेवर नसेल तर ‘रिप्लेस’ करताना एक्सेल सेलगणिक फाइल शोधायची खिडकी उघडत सुटतं. अ‍ॅरेचा एखादाच भाग बदलायला गेलं की चूक येते. आणि उत्तर आपोआप शेजारच्या सेलांत पसरवणाऱ्या नव्या डायनॅमिक अ‍ॅरेंवर जुन्या ‘फॉर्म्युला’ गुणधर्माने लिहिलं तर मध्येच ‘@’ घुसून उत्तरच बदलू शकतं.

उणिवाही सांगते. नव्या फाइलीत त्या नावाचं शीट नसेल तर ‘चेंजलिंक’ थांबून कोणतं शीट घ्यायचं ते विचारतं. रात्री लावून ठेवलेला मॅक्रो सकाळी त्याच प्रश्नावर उभा असलेला सापडतो. एखादं शीट पासवर्डने संरक्षित असेल तर ‘1004’ क्रमांकाची चूक देऊन तो अडतो, आणि त्या संदेशातून खरं कारण उमगत नाही. आधी संरक्षण काढा, बदल करा, पुन्हा लावा. स्रोत फाइलीला उघडायचा पासवर्ड असेल तर तोही मध्येच मागितला जातो.

‘ब्रेकलिंक’बद्दल माझं मत कडक आहे. ते लिंक दुरुस्त करत नाही, फॉर्म्युला काढून त्या जागी आकडा चिकटवतं. ते मागे फिरवता येत नाही. वर्ष बंद झालं, अहवाल गोठवायचा आहे, बाहेर पाठवायचा आहे, तेव्हा जरूर वापरा. पण ‘तो अपडेटचा संदेश येतो तो घालवा’ एवढ्यासाठी ‘ब्रेकलिंक’ चालवणाऱ्याने शिळ्या आकड्यांना कायमचं घर दिलेलं असतं.

शिवाय तो संदेश कधीकधी त्यानंतरही जात नाही. सगळ्या लिंका बदलल्या, सेलमध्ये एकही उल्लेख नाही, तरी यादीत एक जुना पत्ता चिकटून बसलेला. असं दिसलं की मी आधी नावांकडे वळते. एखादं शीट दुसऱ्या वर्कबुकातून कॉपी करून आणलं की त्याच्याबरोबर तिथली परिभाषित नावंही (सेलांना दिलेली नावं) येतात, आणि त्यातली काही लपलेली असतात. ‘नेम मॅनेजर’ लपलेली नावं दाखवत नाही. ‘नेम्स’ संग्रहावर छोटा लूप फिरवून ज्यांच्या ‘रेफर्सटू’मध्ये (ते नाव कुठे बोट दाखवतं तिथे) तो जुना पत्ता आहे त्यांची ‘व्हिजिबल’ खूण चालू केली की ती मॅनेजरमध्ये उघडी पडतात. मग एकेक बघून काढायची. सरसकट उडवू नका, काही लपलेली नावं एक्सेलने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असतात. तिथे नाही मिळालं तर कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम, डेटा व्हॅलिडेशन, चार्टच्या मालिका, आणि शीटवर ठेवलेल्या बटणाला जोडलेला मॅक्रो. शेवटचा माझा आवडता संशयित आहे. जुन्या फाइलीतून बटण कॉपी केलेलं असतं आणि त्याच्या ‘ऑनअ‍ॅक्शन’मध्ये जुन्या फाइलीचं नाव बसलेलं असतं.

इतकं करूनही सापडलं नाही तर फाइलीची प्रत घ्या, तिचं नाव बदलून ‘.झिप’ करा आणि आत पाहा. ‘एक्सएल’ फोल्डरात ‘एक्स्टर्नललिंक्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक बाहेरच्या फाइलीसाठी एकेक एक्सएमएल. शेवटचे वाचलेले आकडे तिथेच साठवलेले असतात, आणि पत्ता शेजारच्या ‘_रेल्स’मध्ये. शिळा आकडा कुठून येतो ते तिथे डोळ्यांनी पाहता येतं. मी तिथे फक्त वाचते, काही खोडत नाही.

‘इनडायरेक्ट’ने, म्हणजे मजकुरातून पत्ता तयार करणाऱ्या फंक्शनने, बांधलेले पत्ते मात्र या सगळ्या यंत्रणेला दिसतच नाहीत. तिच्या लेखी तो नुसता मजकूर. शिवाय मूळ फाइल बंद असली की ‘इनडायरेक्ट’ ‘#रेफ!’ देतं. बंद फाइलीवरचं ‘समइफ’ (अटीनुसार बेरीज करणारं फंक्शन) तसंच ‘#व्हॅल्यू!’ देतं, तेव्हा तिथे लिंक तुटली असं समजून पत्ते बदलत बसू नका. फाइल उघडली की आकडा परत येतो.

क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरांत ‘डिर’ चालत नाही, कारण वर्कबुकाचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने न येता वेबच्या पत्त्यासारखा येतो. त्या फाइलींसाठी मी अस्तित्वाची तपासणी सोडून थेट फाइल उघडून पाहते. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए नाहीच. आणि मेलने आलेली मॅक्रोची फाइल आता आपोआप चालत नाही: 2022पासून इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मुळातच अडवले जातात. हे बंधन योग्यच आहे. कोड स्वतः वाचा, कळला तर स्वतःच्या फाइलीत उतरवा.

काम झाल्यावरची तपासणी मी सोडत नाही. मॅक्रो चालवण्याआधी मुख्य बेरजांचे आकडे एका रकान्यात आकडे म्हणूनच चिकटवते, नंतर शेजारी नवे घेते, तिसऱ्यात फरक. फरक आला म्हणजे दुरुस्ती फसली असं नाही. बऱ्याचदा उलटच असतं, जुना आकडा शिळा होता आणि आता खरा आला. कोणता खरा हे मूळ फाइल उघडून त्या सेलशी ताडूनच ठरवायचं.

ज्यांच्या लिंका मोजक्या आहेत त्यांनी व्हीबीएच्या वाटेला जायची गरज नाही, खिडकी पुरे. ज्यांच्याकडे दर महिन्याला फाइली वाढतात त्यांनी ही चौकडी शिकून घ्यावी, मी तिला पाचपैकी साडेचार देते. आणि जे एकत्रित फाइल आता नव्याने बांधणार आहेत त्यांनी सेलमधल्या लिंका घालण्याआधी पॉवर क्वेरी (बाहेरच्या फाइलींतून डेटा आणणारी एक्सेलचीच सोय) पाहावी. तिथे फोल्डरचा पत्ता एका पॅरामीटरमध्ये ठेवता येतो. सर्व्हर बदलला की तेवढी एकच जागा बदलायची.