मेट संग्रहालयाची ओपन ॲक्सेस सेवा : भयचित्रे मूळ मापात छापायची असतील तर

टेबलावर डोके टेकून झोपलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागून उठणारी घुबडे-वटवाघळे, हे स्पॅनिश चित्रकार गोयाचे चित्र बहुतेकांनी पोस्टरएवढे पाहिलेले असते. मूळ तांब्याच्या पत्र्याचा ठसा फक्त २१.२ × १५.१ सेंटिमीटर आहे. शाळेच्या वहीच्या पानापेक्षाही लहान. युरोपातली भयचित्रे पंधराव्या शतकापासून कागदावर छापून विकली गेली, हातात धरून दिव्याजवळ नेऊन पाहिली गेली. त्यातली भीती त्या जवळिकीत आहे. म्हणून ही चित्रे घरी लावायची असतील तर मूळ मापात छापावीत, आणि त्यासाठी फाइली कुठून घ्याव्यात याचे आजचे सर्वांत भरवशाचे उत्तर म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टची ओपन ॲक्सेस सेवा.

ही सेवा ७ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाली. स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची छायाचित्रे संग्रहालयाने सीसी झीरो, म्हणजे सर्व हक्क सोडून देणाऱ्या परवान्याखाली खुली केली. आज ही संख्या चार लाखांच्या वर आहे. खाते उघडावे लागत नाही, पैसे नाहीत, परवानगीचा अर्ज नाही. चित्र छापा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घ्या, टी-शर्टवर छापून विका, सगळे चालते. संग्रहालयाचे नाव खाली देणे बंधनकारक नाही, पण द्यावे. ज्यांनी हा ठेवा शंभर वर्षे सांभाळला त्यांचा तेवढा मान आहे.

शोधण्याची पद्धत आधी समजून घ्यावी, कारण इथेच बरेच जण थकून परततात. शोधपेटीत नुसते ‘हॉरर’ टाकले तर हाती फारसे काही लागत नाही. संग्रहालयाची विषयखूण-पद्धत वेगळी आहे: डीमन्स, स्केलिटन्स, स्कल्स, डेथ, मॉन्स्टर्स. हे शब्द इंग्रजीतून टाइप करून बाजूच्या गाळण्यांमधून ‘ओपन ॲक्सेस’ आणि ‘ड्रॉइंग्ज अँड प्रिंट्स’ विभाग निवडावा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे नोंदणी क्रमांक. हे क्रमांक इंग्रजी अंकांत टाइप करावेत. गोयाचे झोपलेल्या माणसाचे चित्र १८.६४(४३), जर्मन कोरीवकार शोनगाउअरचा सैतानांनी छळलेला संत अँथनी २०.५.२, त्याच्या पुढच्या पिढीतल्या ड्युररचे चार घोडेस्वार १९.७३.२०९, त्याचाच ‘शूर शिलेदार, मृत्यू आणि सैतान’ ४३.१०६.२. एवढे चार ठसे उतरवून घेतले तरी सुमारे सव्वातीनशे वर्षांचा कणा हाती येतो.

चित्राच्या पानावर ‘पब्लिक डोमेन’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे आणि खाली रोखलेल्या बाणाच्या चिन्हावर क्लिक करावे. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर उजवे बटण दाबून ‘सेव्ह’ करू नये. तशाने छोटी, वेबसाठीची प्रत मिळते आणि छापल्यावर रेषांना पायऱ्या पडतात. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी एपीआय आहे, त्याला चावी लागत नाही. सेकंदाला ८० मागण्यांच्या आत राहावे, एवढीच विनंती आहे. छपाई-रेखाचित्र विभागाचा क्रमांक ९, आशियाई कलेचा ६. मात्र ‘चित्र असलेल्या वस्तू’ अशी गाळणी लावली तरी सगळ्या वस्तू खुल्या असतीलच असे नाही. प्रत्येक नोंदीतली पब्लिक डोमेनची खूण वेगळी तपासावी लागते.

आता मापे. फाइल उतरवली की लांब बाजूचे पिक्सेल पाहावेत, त्यांना ३०० ने भागावे आणि २.५४ ने गुणावे. येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत चित्र स्वच्छ छापले जाईल. ३६०० पिक्सेलची फाइल म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. गोयाच्या पत्र्याभोवती कागदाची मोकळी कड आहे आणि छायाचित्रात ती धरलेली आहे. पूर्ण कागद २९.५ × २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नेमका ए-फोर. कड कापू नये. पत्रा दाबला गेल्याची जी चौकट कागदावर उमटते ती चित्राचाच भाग आहे, आणि कडेसकट ए-फोरवर छापले की माप आपोआप बरोबर येते. हीच फाइल ए-टू वर ताणली तर इंचाला दीडशेच्या आसपास पिक्सेल उरतात आणि करड्या छटेचे ठिपके होतात.

गोयाबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण छापताना सर्वाधिक वाटोळे त्याच्याच चित्रांचे होते. ८० पत्र्यांच्या ‘कॅप्रिचोस’ मालिकेची जाहिरात ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या दैनिकात आली. विक्री अत्तरे आणि मद्य विकणाऱ्या एका दुकानात होती. ते दुकान होते डेसेंगान्यो रस्त्यावर, आणि या शब्दाचा अर्थ भ्रमनिरास. संचाची किंमत ३२० रेआल. फार थोडे संच खपले. १८०३ मध्ये गोयाने पत्रे आणि न खपलेले २४० संच राजाला देऊन मुलासाठी निवृत्तिवेतन मिळवले. त्याच पत्र्यांवरून १९३७ पर्यंत पहिली धरून बारा आवृत्त्या निघाल्या, आणि नेमकी अडचण तिथे आहे. ॲक्वाटिंट या छटा छापण्याच्या पद्धतीत पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात, ती तापवून चिकटवतात आणि आम्लात बुडवतात. कणांच्या मधल्या जागा खाल्ल्या जातात आणि शाई तिथे धरून राहते. ही छटा फार उथळ असते. ठसे काढत गेले की ती झिजते. उशिराच्या आवृत्तीत रेषा टिकते, पण रात्र उडून जाते. मेटचा १८.६४ हा संच पहिल्या आवृत्तीचा आहे, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या शेकडो प्रतींपेक्षा ही फाइल घेण्याचे कारण हेच.

पहिल्या आवृत्तीची शाई लालसर तपकिरी आहे. म्हणून फाइल कृष्णधवल करू नये. छपाईवाला ‘ब्लॅक अँड व्हाइटच आहे ना’ म्हणेल, त्याला ठामपणे रंगीतच छापायला सांगावे. लेझर यंत्रावर छापूही नये. त्याच्या ठिपक्यांची जाळी आणि राळेचे कण एकमेकांत अडकून पार्श्वभूमीवर लाटा उमटतात. पिगमेंट शाईचे इंकजेट आणि २०० ते ३०० जीएसएमचा, चकाकी नसलेला सुती कागद मागावा. पूर्ण छपाईआधी खालच्या भागाची पाच सेंटिमीटर रुंद आडवी पट्टी काढून घ्यावी. तिच्यात दोन गोष्टी तपासायच्या. डावीकडे टेबलाच्या बाजूवरची फिकी अक्षरे स्वच्छ वाचता आली पाहिजेत, आणि उजवीकडे बसलेल्या लिंक्स या रानमांजराचे डोळे अंधारात बुडता कामा नयेत. अक्षरे धूसर आली तर शाई जास्त पडते आहे, डोळे बुडाले तर गडद छटा एकत्र झाल्या आहेत. दोन्ही वेळी मधल्या छटा पाच-सात टक्के उजळून पुन्हा पट्टी काढावी. ‘विवेकाची झोप राक्षस जन्माला घालते’ अशा अर्थाच्या त्या अक्षरांतला ‘स्वेन्यो’ हा स्पॅनिश शब्द झोप आणि स्वप्न दोन्हींसाठी वापरतात. विवेक झोपला म्हणून राक्षस जन्मतात की विवेकच राक्षसांचे स्वप्न पाहतो, हा वाद त्यामुळे दोनशे वर्षे मिटलेला नाही.

शोनगाउअरचे काम सोपे. १४७० ते ७५ च्या सुमाराचा हा कोरीव ठसा ३० × २१.८ सेंटिमीटरचा आहे. छटा नाही, सगळी रेषाच, त्यामुळे चांगले लेझर यंत्रही चालते. माशाचे खवले, वटवाघळाचे पंख, हत्तीच्या सोंडेसारखी नाके जोडून केलेले हे सैतान पुढच्या पाचशे वर्षांच्या राक्षसांचे पूर्वज आहेत. तरुण मायकेलअँजेलोने याच ठशावरून रंगीत चित्र केले आणि खवल्यांचे रंग पाहायला त्याने मासे विकत आणले, असे त्याचा चरित्रकार व्हसारी याने लिहून ठेवले आहे. खवल्यांच्या रेषा अतिबारीक आहेत. फाइलवर शार्पनिंग चढवले की त्या दुहेरी दिसू लागतात, म्हणून काही चढवू नये.

ड्युररचे घोडेस्वार १४९८ चे, लाकडी ठोकळ्यावरचे, सुमारे ३९ × २८ सेंटिमीटर. ए-थ्रीवर नीट बसतात. रेषा जाड असल्याने इंचाला सव्वादोनशे पिक्सेलही पुरतात. कागदाचा पिवळेपणा पूर्ण घालवायचा मोह टाळावा. पांढऱ्याफेक कागदावर तो ठसा शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखा कोरडा होतो.

हॉल्बाइनची मृत्युनृत्याची मालिका तर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ठोकळे साधारण ६.५ × ५ सेंटिमीटरचे, कोरणारा हान्स ल्युट्झेलबर्गर, पुस्तक निघाले लिऑंमध्ये १५३८ साली. राजा, मठाधिपती, नांगरणारा शेतकरी, प्रत्येकाच्या शेजारी सांगाडा येऊन उभा. एका ए-फोरवर बारा चित्रे मूळ मापात बसतात. ती मोठी करून पाहण्यात काही अर्थ नाही. तळहातात मावणारा मृत्यू, हीच त्यांची कल्पना आहे.

छपाईच्या दुकानात एक चूक हमखास होते. यंत्रावर ‘फिट टू पेज’ आधीपासून चालू असते आणि चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान होते. पीडीएफ करताना कडेला दहा सेंटिमीटरची बारीक रेघ ओढून ठेवावी आणि कागद बाहेर आला की फुटपट्टी लावावी. रेघ दहापेक्षा कमी भरली तर कागद परत करावा.

लोकप्रिय छपाईकडे वळले की सेवेचा खरा आनंद मिळतो मेक्सिकोच्या होसे ग्वादालुपे पोसादाच्या (१८५२ ते १९१३) पत्रकांत. त्याच्या हसऱ्या कवट्या, ‘कालाव्हेरा’, व्हानेगास अरोयोच्या छापखान्यात पातळ, अनेकदा रंगीत कागदावर छापून रस्त्यावर विकल्या जात. मेटकडे त्याच्या ठशांचा मोठा साठा आहे. आज मृतांच्या दिवशी जगभर दिसणारी पिसांची टोपी घातलेली कात्रिना त्याचीच. पण त्याने कोरले फक्त मुंडके आणि टोपी. अंगावरचा लांब झगा दिएगो रिव्हेराने १९४६-४७ च्या भित्तिचित्रात चढवला. पोसादा महागड्या कागदावर छापणे चूक आहे. फाइल शुद्ध काळ्या-पांढऱ्यात आणावी आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या गुलाबी, हिरव्या किंवा पिवळ्या सत्तर जीएसएमच्या कागदावर झेरॉक्स काढावी. तो तसाच भेटला पाहिजे.

आशियाई विभागात मात्र सावध असावे. राक्षस आणि कवट्यांच्या खुणा धरून शोधले की काली आणि भद्रकालीही त्याच रांगेत येऊन बसतात. बसोलीच्या १६६० ते ७० च्या सुमाराच्या तांत्रिक देवी मालिकेतली पाने इथे आहेत. दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी त्यांत भुंगेऱ्याच्या पंखांचे तुकडे चिकटवलेले आहेत. पडद्यावर ते नुसते हिरवे ठिपके दिसतात, छपाईत तर चमक येतच नाही. कलकत्ता आर्ट स्टुडिओची आणि पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची शिळाछापील देवदेवतांची चित्रेही संग्रहात आहेत. ही भयचित्रे नव्हेत. आपल्या रसविचारात भयानक, रौद्र आणि बीभत्स वेगळे आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा, देवता वेगळी. मुंडमाळा घातलेली माता भक्ताला घाबरवत नाही. शोधयंत्राला हा फरक कळत नाही, तो पाहणाऱ्याने राखायचा आहे.

विसावे शतक इथे शोधू नये. सिनेमाची पोस्टरे, भयकथांच्या मासिकांची मुखपृष्ठे, कॉमिक्स यांतले बरेचसे अजून हक्कांत अडकलेले आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. म्हणून १९४४ मध्ये वारलेल्या नॉर्वेच्या चित्रकार मुंकची चित्रे आपल्याकडे मोकळी आहेत, पण रामसे बंधूंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’चे पोस्टर घरी छापून विकणे चालणार नाही.

मेटकडे फाइली जेपीईजी मिळतात. टिफ हवी असेल तर क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टकडे जावे, २०१९ पासून त्यांची सेवाही सीसी झीरो आहे आणि मोठ्या टिफ फाइली थेट उतरवता येतात. जपानी भुतांसाठी ब्रिटिश म्युझियम पाहावे. कुनियोशीचा १८४० च्या दशकातला प्रचंड सांगाडा तिथे आहे, तीन कागदांवर पसरलेला, जोडून सुमारे ३७ × ७५ सेंटिमीटर. पण त्यांचा परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे. भिंतीवर लावा, विकू नका.

फ्रेम करताना काच थेट कागदाला टेकू देऊ नये. पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. आम्लविरहित माउंट दोन मिलिमीटर जाडीचा घ्यावा आणि त्याची खिडकी पत्र्याच्या ठशाबाहेर सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळी कापायला सांगावी. फ्रेमवाले ठशावरच माउंट चढवतात, आणि गोयाच्या चित्रात वर उजव्या कोपऱ्यातला ‘४३’ हा अंक झाकला जातो.